गाठोड्यातून ऑब्जेक्ट परत उभा कसा राहतो, हे मुलांसाठी कसं लिहावं?

पाटी_पेन्सिल (धागाकर्ती), मंगळवार रात्री ९.४०

मंडळी, मी दर रविवारी डिप्लोमाच्या मुलांना पायथन शिकवते. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. इंग्रजी मॅन्युअल वाचतात, पण प्रत्येक वाक्याला ठेच लागते, म्हणून मराठीत टिपणं लिहायला घेतली. पंधराएक पानं झाली आणि 'पिकल'च्या पानाशी गाडी अडली. (पिकल म्हणजे ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बांधून ठेवायची आणि परत काढायची पायथनची सोय.) गेले दोन आठवडे तिथेच आहे.

ऑब्जेक्ट फाइलमध्ये कसा ठेवायचा हे सांगणं सोपं आहे. अडतंय ते तो परत कसा येतो हे सांगताना. का, ते एका प्रसंगातून सांगते.

एका मुलाने 'खातेवही' नावाचा क्लास लिहिला. इनिटमध्ये, म्हणजे नवा ऑब्जेक्ट घडवताना चालणाऱ्या मेथडमध्ये, तो एक फाइल उघडतो आणि नोंदींची रिकामी यादी करतो. पिकल करायला गेला तर उघड्या फाइलवर टाइपएरर आला, कारण उघडी फाइल पिकल होत नाही. मग त्याने गेटस्टेट (काय साठवायचं ते सांगणारी मेथड) लिहून फाइल वगळली. डम्प (साठवणं) झालं, लोडही (परत उघडणं) झालं. पठ्ठ्या खूश! पुढच्याच ओळीत नोंद लिहायला गेला तर अ‍ॅट्रिब्यूटएरर: या ऑब्जेक्टला 'फाइल' नाहीच. तो मला म्हणाला, "बाई, पण फाइल तर इनिटमध्ये उघडलीये ना!"

त्याच्या समजुतीत काहीच वावगं नव्हतं. ऑब्जेक्ट म्हटला की इनिट चालणारच, हे मीच त्याला शिकवलं होतं. मूळ मॅन्युअलमध्ये याचं उत्तर आहे, पण ते पान मेथडच्या नावांनुसार लावलेलं आहे. ही मेथड काय देते, ती काय घेते. आधी काय होतं, मग काय होतं, हा क्रम वाचणाऱ्यालाच जुळवावा लागतो.

असं पान तुम्ही लिहिलंत तर सुरुवात कुठून कराल? अनुभव येऊ द्या. (मेथडच्या नावांच्या दोन्ही बाजूंचे अंडरस्कोर इथे गाळते आहे.)

चकली_भाजणी

वाचतेय. जागा धरून ठेवते.

घाटमाथा

चांगला विषय. मी सुरुवात 'काय होत नाही' इथून करेन. पहिलंच वाक्य: पिकलमधून ऑब्जेक्ट परत येताना त्याचा इनिट चालत नाही. दुसरं काही वाचायच्या आधी हे कळलं पाहिजे.

मग क्रम. पिकलच्या बाइट्समध्ये क्लासचा कोड नसतो, असतं फक्त मॉड्यूलचं आणि क्लासचं नाव. लोड करताना पायथन त्या नावाने मॉड्यूल इम्पोर्ट करतो आणि क्लास शोधतो. क्लास सापडला की 'न्यू' ही मेथड बोलावून रिकामा ऑब्जेक्ट तयार करतो. त्यानंतर साठवलेली स्थिती येते. क्लासमध्ये सेटस्टेट (स्थिती परत भरणारी मेथड) असेल तर ती स्थिती त्याच्या हातात दिली जाते, नसेल तर ऑब्जेक्टच्या डिक्शनरीत सरळ भरली जाते. संपलं.

एवढं समजलं की तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याचं त्यालाच सापडेल. फाइल स्थितीत नव्हती आणि इनिट चालला नाही, मग ती येणार कुठून? ती सेटस्टेटमध्येच पुन्हा उघडायला हवी. मॅन्युअलमध्ये नेमकं याच धर्तीचं उदाहरण आहे: मजकूर ओळीओळीने वाचणारा क्लास परत येताना फाइल पुन्हा उघडतो आणि आधी जितक्या ओळी वाचून झाल्या होत्या तिथपर्यंत पुढे सरकतो. उदाहरण उत्तम आहे, पण पानावर फार खाली आहे. ते वर आणा.

आणखी एक करा. पिकलटूल्स मॉड्यूलमधलं 'डिस' त्याच खातेवहीवर चालवून दाखवा. पिकल म्हणजे छोट्या छोट्या आज्ञांची यादी आहे हे तिथे डोळ्यांनी दिसतं. 'न्यूऑब्ज' ही आज्ञा आली, मग डिक्शनरी भरली, शेवटी 'बिल्ड' आली. इनिटचा पत्ताच नाही. मुलं ते विसरणार नाहीत.

रात्रपाळी

घाटमाथा यांच्या प्रतिसादाला +१. जावामध्ये मला हाच धडा रात्री अडीच वाजता मिळाला.

आमच्या एका क्लासमध्ये एक लॉक होतं. लॉक साठवण्यात अर्थ नाही म्हणून फील्डला ट्रान्झियंट ('हे साठवू नको' अशी खूण) लावलं आणि त्याच ओळीत बरोबरीच्या चिन्हापुढे नवं लॉक तयार करून ठेवलं. वाचणाऱ्याला वाटतं, ट्रान्झियंट असलं तरी सुरुवातीची किंमत आहे ना, मिळेल. टेस्टमध्ये सगळं हिरवं, कारण टेस्ट ऑब्जेक्ट 'न्यू'ने तयार करत होत्या. प्रत्यक्षात सर्व्हर पुन्हा सुरू झाला, सेशन डिस्कवरून परत आले आणि पहिल्याच विनंतीला नलपॉइंटर एरर. लॉक नल, म्हणजे रिकामं.

कारण साधं आहे. सिरियलायझेबल (बाइट्समध्ये साठवता येणाऱ्या) क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे जावातला इनिट, परत येताना चालत नाही, आणि फील्डच्या ओळीत दिलेली सुरुवातीची किंमत ही कन्स्ट्रक्टरचाच भाग असते. त्यातली मेख अशी की पूर्वजांपैकी जो पहिला सिरियलायझेबल नसलेला क्लास असेल, त्याचा विनाअर्ग्युमेंट कन्स्ट्रक्टर मात्र चालतो. म्हणजे अर्धं घर बांधलं जातं आणि अर्धं थेट फाइलमधून येतं.

तीन तास गेले. शेवटी रीडऑब्जेक्ट (जावातलं सेटस्टेट) लिहून, त्यात आधी डिफॉल्टरीडऑब्जेक्ट (नेहमीची भरणी) बोलावून, नंतर लॉक नव्याने तयार केलं. चार ओळी. त्या ओळींवर मी जी कॉमेंट लिहिली ती आजही तिथे आहे: 'इथे कन्स्ट्रक्टर चाललेला नाही असं धरून वाचा.' तुमच्या पानाचा मथळाच तो ठेवा असं सुचवतो.

खोडरबर

माझं मत वेगळं आहे. नवशिक्यांना पिकल शिकवायचंच कशाला? जेसन शिकवा. वाचता येतं, दुसऱ्या भाषेत उघडतं आणि असले भुताटकीचे प्रकार होत नाहीत.

दशमी

@खोडरबर, साठवण्यासाठी जेसन बरं, हे मान्य. पण प्रश्न त्याने सुटत नाही, जागा बदलतो. जेसन हा नुसता मजकूर. त्यातून ऑब्जेक्ट कोणीतरी उभा करणारच ना?

जेसनमधून ऑब्जेक्ट उभा करणाऱ्या जावातल्याच दोन लायब्ररी घ्या, गसॉन आणि जॅक्सन. गसॉनला क्लासमध्ये विनाअर्ग्युमेंट कन्स्ट्रक्टर सापडला तर तो वापरतं. नाही सापडला तर जावातल्या 'अनसेफ' या आडवाटेने कन्स्ट्रक्टर न चालवताच ऑब्जेक्ट तयार करतं. जॅक्सन मात्र नेहमीच्या रीतीने कन्स्ट्रक्टरच मागतं, आणि तो नसेल तर एरर देऊन थांबतं. मजकूर तोच, क्लास तोच, आणि परत आलेला ऑब्जेक्ट निराळ्या अवस्थेत. रात्रपाळी यांचं लॉक जेसनमध्येही नल होऊ शकलं असतं.

शिवाय ही मुलं उद्या सायकिट-लर्न (मशीन लर्निंगची पायथन लायब्ररी) वापरणार. तिथे मॉडेल बहुधा पिकल किंवा त्याच धर्तीच्या जॉबलिबने साठवलेली भेटतात. न शिकवून कसं चालेल?

खोडरबर

गसॉनचं हे माहीत नव्हतं. बघतो. मुद्दा पटला, तरी माझ्या पानावर जेसन आधी येईल.

कैरी_गूळ

मराठीत पिकल म्हणजे लोणचं, मग पानाचं नाव 'बरणी उघडताना' ठेवा की! :)

अंगणातली_तुळस

नाव गोड आहे, पण मुलांची दिशाभूल करेल हो. लोणच्यातून कैरी परत मिळत नाही. इथे तर जशीच्या तशी कैरी परत मिळावी हीच अपेक्षा आहे.

शब्दांचाच विषय निघालाय तर: 'क्रमिकरण', 'अनुक्रमण' असले शब्द कृपा करून घालू नका. सिरियलायझेशन हा शब्द मुलं कॉलेजात ऐकतात, तोच ठेवा. क्रियापदं मात्र मराठीच हवीत. शीर्षकातलं 'गाठोडं' मला आवडलं. गाठोडं बांधलं, गाठोडं सोडलं. आणि 'ऑब्जेक्ट उभा राहतो' हे तर फारच छान. पुनर्स्थापना म्हटलं की काही डोळ्यांपुढे येत नाही, उभा राहतो म्हटलं की येतं.

टेम्पो_४०७

मी माझ्या टीमला घर बदलण्याचं उदाहरण देतो. पलंग, कपाट खोलतो, फळ्या बांधतो, टेम्पोत घालतो. नव्या घरी पोचलं की त्याच फळ्या जोडून तेच कपाट उभं करतो. सुताराला बोलावून नवं कपाट करून घेत नाही. सुतार म्हणजे इनिट. त्याचं काम एकदाच, कपाट पहिल्यांदा घडवलं तेव्हा झालं.

पण नळाची जोडणी, विजेचं मीटर, इंटरनेटची तार टेम्पोत येत नाही. ती नव्या घरी नव्याने घ्यावी लागते. उघडी फाइल, सॉकेट, डेटाबेसचं कनेक्शन, लॉक, थ्रेड ही सगळी त्याच जातीची. तुमच्या खातेवहीतली फाइल म्हणजे जुन्या घरचा नळ. सामान बांधताना तो वगळायचा हे गेटस्टेटचं काम आणि नव्या घरी प्लंबरला बोलावायचं हे सेटस्टेटचं.

तिसरी गोष्टही यात बसते. फळ्या जोडायचा नकाशा टेम्पोत नसतो, तो नव्या घरी आधीपासून असावा लागतो. तो म्हणजे क्लासचा कोड. मॉड्यूलचं नाव बदललं की नकाशा गहाळ, आणि लोड तिथेच थांबतं.

पाटी_पेन्सिल

@टेम्पो_४०७, हे मी उचलणार. सुतार आणि प्लंबर! आमच्या वर्गात दोघांच्या घरी हाच धंदा आहे, त्यांना माझ्याआधी कळेल.

जुनी_वही

सगळे 'काय होतं' यावर बोलताहेत. मला 'लिहायचं कुठे' यावर बोलायचंय.

जावाने यात एक फार शहाणपणाची सोय केलेली आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. जावाडॉकमध्ये (कोडमधल्या कॉमेंटवरून माहितीची पानं तयार करणाऱ्या साधनात) 'सिरियल', 'सिरियलफील्ड' आणि 'सिरियलडेटा' असे तीन टॅग आहेत. एरवी जावाडॉक खासगी फील्डकडे ढुंकूनही बघत नाही. पण क्लास सिरियलायझेबल असेल तर त्याचं खासगी फील्डसुद्धा 'सिरियल' टॅगसह लिहायचं असतं, आणि त्या सगळ्याचं 'सिरियलाइज्ड फॉर्म' नावाचं वेगळं पान तयार होतं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीचंही ते पान आहे. उघडून बघा, कोणाच्या पोटात काय आहे ते नावानिशी लिहिलेलं आहे.

यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ऑब्जेक्ट बाइट्समध्ये गेला की त्याचं खासगी ते खासगी राहत नाही. आज डिस्कवर पडलेली फाइल तीन वर्षांनी कोणीतरी उघडणार आहे. त्या दिवशी ते फील्ड, त्याचं नाव, त्याचा प्रकार, सगळं तुमच्या शब्दासारखं तुम्हाला बांधून ठेवतं. म्हणून क्लास लिहिणाऱ्याने लिहिलंच पाहिजे की या फील्डमध्ये काय असतं, ते रिकामं असू शकतं का, परत येताना कोणती तपासणी होते.

पायथनमध्ये असा टॅग नाही. मी टीममध्ये नियम केलाय: गेटस्टेट किंवा सेटस्टेट लिहिलं की त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (मेथडच्या सुरुवातीला लिहितात त्या माहितीत) स्थितीतली प्रत्येक किल्ली आणि ती कोणत्या आवृत्तीत आली ते लिहायचं. त्याशिवाय कोड पुढे जात नाही. मुलांना ही सवय आत्ताच लावा.

कुलूपकिल्ली

धाग्यात एवढे प्रतिसाद झाले आणि सुरक्षेचा शब्द नाही, म्हणून लिहितो. पिकलच्या मॅन्युअलमध्ये पानाच्या डोक्यावरच इशारा आहे: ज्यावर विश्वास आहे असाच डेटा उघडा. ही नुसती काळजी म्हणून लिहिलेली ओळ नव्हे. घाटमाथा म्हणाले तसं पिकल ही आज्ञांची यादी आहे, आणि त्यातली एक आज्ञा म्हणजे 'हे फंक्शन या अर्ग्युमेंटसह बोलाव'. फंक्शन कोणतं, हे फाइल लिहिणारा ठरवतो. तुमचा क्लास मुळात लागतच नाही.

पीएचपीमध्येही तीच कथा. तिथे परत येताना कन्स्ट्रक्टर चालत नाही, 'वेकअप' नावाची मेथड चालते. लोक वेकअपमध्ये तपासणी लिहून निर्धास्त झाले. २०१६ मध्ये एक त्रुटी उघड झाली. बाइट्समध्ये प्रॉपर्टींची संख्या खरी आहे त्याहून जास्त लिहिली की वेकअप चालायचीच नाही, आणि डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारी मेथड) मात्र चालायचा. ५.६.२५ आणि ७.०.१० मध्ये ते दुरुस्त झालं. दाराशी राखणदार बसवला आणि चोर खिडकीतून आला, असा प्रकार.

मायक्रोसॉफ्टने डॉटनेट ९ मध्ये, म्हणजे २०२४ साली, त्यांचं पिकल म्हणावं असा बायनरीफॉर्मॅटर काढूनच टाकला. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीने २.६ पासून मॉडेल लोड करताना नुसते वेट्स (मॉडेलचे आकडे) उघडायचे हाच डिफॉल्ट केला. ज्यांनी ही यंत्रं बांधली तेच मागे सरताहेत. तेव्हा पाटी_पेन्सिल ताई, इशारा पहिल्या ओळीत. 'इनिट चालत नाही' दुसऱ्या ओळीत.

घाटमाथा

@कुलूपकिल्ली, इशारा हवाच, पण पहिल्या ओळीत लिहिलेला इशारा मुलं सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखा ओलांडून जातात. 'आज्ञांची यादी' डोळ्यांनी बघितल्यावर लगेच लिहिला तर तो का दिलाय हे कळतं. मी 'डिस'च्या आउटपुटखाली घालेन.

कुलूपकिल्ली

दोन्हीकडे घाला. वर एक ओळ, खाली कारण. याहून कमीवर मी मानणार नाही.

अबोली_७

उशिरा येतेय. एक सापळा कोणी सांगितला नाही. मला त्याने एक अख्खा शनिवार खाल्ला.

माझा क्लास दुसऱ्या ऑब्जेक्टला गुंडाळणारा होता. गेटअ‍ॅट्र लिहिलं होतं: जे नाव माझ्याकडे नाही ते 'सेल्फ डॉट आतला' याच्याकडे मागायचं. इनिटमध्ये 'आतला' ठेवलेला. वर्षभर छान चाललं. एक दिवस मल्टिप्रोसेसिंगमध्ये पाठवला (दुसऱ्या प्रोसेसकडे ऑब्जेक्ट पिकल होऊनच जातो) आणि रिकर्शनएरर.

आता घाटमाथा यांचा क्रम आठवा. रिकामा ऑब्जेक्ट तयार झाला, डिक्शनरी अजून भरलेली नाही. पायथन त्या रिकाम्या ऑब्जेक्टला विचारतो, तुझ्याकडे सेटस्टेट आहे का? नाही, म्हणून माझं गेटअ‍ॅट्र चालतं. ते 'आतला' शोधतं. 'आतला' अजून आलेलाच नाही, म्हणून पुन्हा गेटअ‍ॅट्र चालतं. ते पुन्हा 'आतला' शोधतं. विहिरीत डोकावणारं मूल आपल्याच हाकेला ओ देत राहावं तसं. कॉपी मॉड्यूलही हीच यंत्रणा वापरतं, त्यामुळे साध्या कॉपीलाही तेच झालं.

मॅन्युअलमध्ये याची नोंद आहे. गेटअ‍ॅट्र, सेटअ‍ॅट्र अशा मेथड परत येताना चालू शकतात, म्हणून त्यांना जे लागतं ते 'न्यू'मध्ये तयार ठेवा, असं लिहिलंय. मी ती ओळ आधी चार वेळा वाचली होती. अर्थ त्या शनिवारी कळला.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सुरुवात लिहिली, ती देते. निःसंकोच चुका काढा.

"फक्त विश्वासातली पिकल फाइल उघडा. कारण पुढे येईल. पिकल उघडताना तुमच्या क्लासचा इनिट कधीच चालत नाही. पायथन आधी क्लास नावाने शोधतो. मग रिकामा ऑब्जेक्ट तयार करतो. मग त्यात साठवलेली स्थिती भरतो. क्लासमध्ये सेटस्टेट असेल तर भरायचं काम ती करते. सुतार पुन्हा येत नाही. प्लंबरला मात्र तुम्हीच बोलवायचं."

यानंतर खातेवही, आधी मोडलेली, मग दुरुस्त केलेली. मग 'डिस'.

अबोली_७

फार सुंदर. 'आधी मोडलेली' हे विशेष आवडलं.

दशमी

एकच शब्द बदला: 'कधीच' नको, 'सहसा' लिहा. मॅन्युअलनेही तो शब्द जपून वापरलाय. क्लासमधल्या रिड्यूसने (ऑब्जेक्ट परत कसा उभा करायचा ते सांगणाऱ्या मेथडने) स्वतःचा क्लास आणि अर्ग्युमेंट परत दिले तर उघडताना क्लासच बोलावला जातो, आणि मग इनिट चालतो.

हे फार लांबचं उदाहरण नाही, सगळे एक्सेप्शन (एरर म्हणून फेकले जाणारे ऑब्जेक्ट) असेच परत येतात. तुमच्या मुलाने 'शिल्लक अपुरी' नावाचा एक्सेप्शन केला, इनिटला खातं आणि रक्कम असे दोन अर्ग्युमेंट घेतले आणि वरच्या क्लासला एकच तयार वाक्य दिलं, की झालं. डम्प होईल, उघडताना टाइपएरर: एक अर्ग्युमेंट कमी पडतोय. कारण परत येताना इनिटला ते एकच वाक्य मिळतं. तिथे सुतार परत येतो, आणि अर्धंच लाकूड घेऊन.

जावातही आता असंच एक दार आहे. जावा १६ पासून जे रेकॉर्ड (नुसता डेटा धरणारे क्लास) पक्के झाले, ते परत येताना त्यांच्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच येतात. तिथे लिहिलेली तपासणी बाइट्समधून आलेल्या ऑब्जेक्टलाही लागू होते.

घाटमाथा

दशमी बरोबर आहेत, माझं पहिलं वाक्यही तेवढं दुरुस्त करून वाचा. आणखी एक कंगोरा: ऑब्जेक्टमध्ये एकही अ‍ॅट्रिब्यूट नसेल आणि गेटस्टेट लिहिलेलं नसेल, तर स्थिती म्हणून 'नन' (म्हणजे काहीच नाही) जातं आणि सेटस्टेट बोलावलीच जात नाही. सेटस्टेटमध्ये लॉक तयार करत असाल तर ते होणार नाही. मुलांच्या पानावर नको, पण तुम्हाला माहीत असू द्या.

पाटी_पेन्सिल, रविवार संध्याकाळ

'सहसा' केलं. आज वर्गात पान वाचलं. एक्सेप्शनचं उदाहरण मुलांनीच करून पाहिलं आणि टाइपएरर आल्यावर अर्धा वर्ग एकदम "सुतार!" म्हणून ओरडला.

खातेवहीवाला मुलगा तास संपल्यावर थांबला. त्याने इनिटमध्ये 'शाखा' हे नवं अ‍ॅट्रिब्यूट घातलं होतं आणि गेल्या आठवड्याची पिकल फाइल उघडली होती. लोड बिनबोभाट झालं, 'शाखा' छापताना एरर. म्हणाला, "बाई, जुन्या गाठोड्यात शाखा नाही, आणि सुतार आला नाही. मग आता शाखा कोणी द्यायची?"

जुनी_वही

त्याला सांगा, सेटस्टेटमध्ये आधी सगळ्या किल्ल्यांच्या ठरावीक किमती भरायच्या, मग त्यावर जुनी स्थिती ओतायची. किंवा 'शाखा'ची ठरावीक किंमत क्लासवरच ठेवायची. क्लासवरचं पिकलमध्ये जात नाही, ते आजच्या कोडमधून येतं, म्हणून जुन्या ऑब्जेक्टलाही सापडतं. आणि डॉकस्ट्रिंगमध्ये त्याच्याकडूनच लिहून घ्या: 'शाखा, दुसऱ्या आवृत्तीपासून.'